कोबी, ब्रोकोली, मोहरी: सल्फोराफेन ताटातून कसं मिळवायचं, आणि गोळी घ्यायचीच तर कोणती

मोहरीचा अख्खा दाणा गिळला तर जिभेला पत्ताही लागत नाही. तीच मोहरी गार पाणी घालून फेसली की पाच-दहा मिनिटांत नाकात चढते. हा झणका दाण्यात आधीपासून नसतो, फेसताना तयार होतो. दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या. दाणा फुटून पाणी मिळालं की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांतून पाणी काढणारं अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट बनतं. फोडणीत तडतडलेली मोहरी झोंबत नाही, कारण तापलेल्या तेलात ते विकर मरतं.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, नवलकोल, सलगम आणि हळीव ही सगळी मोहरीच्याच कुळातली. त्यांच्यातही हेच चालतं, फक्त द्रव्यं वेगळी. सिनिग्रिनच्या या जातकुळीला ग्लुकोसिनोलेट म्हणतात आणि तिचे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. ब्रोकोलीत ग्लुकोराफानिन असतं, त्यापासून सल्फोराफेन बनतं, म्हणजे शरीराची विषारी पदार्थ निकामी करणारी विकरं जागी करणारं द्रव्य. त्यामुळे शंभर ग्रॅम ब्रोकोलीत सल्फोराफेन किती, याला एक उत्तर नाही. ती कशी चिरली, किती वेळ ठेवली आणि किती शिजवली यावर ते ठरतं. सल्फोराफेनच्या गोळ्यांची महागडी बाटली मागवण्याआधी हा हिशोब समजून घेतलेला बरा, कारण बाटलीतही नेमकी हीच अडचण असते.

कुठल्या भाजीत काय

सल्फोराफेन हवं असेल तर ब्रोकोली आणि त्याहून जास्त तिचे कोवळे कोंब. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालाय आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. १९९७ साली त्याच गटाने दाखवलं की तीन दिवसांच्या कोंबांत पूर्ण वाढलेल्या गड्ड्याच्या १० ते १०० पट ग्लुकोराफानिन असू शकतं. कोबी आणि फ्लॉवरमध्ये सल्फोराफेनचा कच्चा माल बेताचा असतो. सिनिग्रिन आणि ग्लुकोब्रासिसिन मात्र चांगलं असतं. ग्लुकोब्रासिसिनपासून इंडोल-३-कार्बिनॉल बनतं आणि पोटातल्या आम्लात त्याचे दोन-दोन रेणू जोडून डायइंडोलिलमिथेन, म्हणजे दुकानात 'डीआयएम' नावाने मिळणारं द्रव्य, तयार होतं. मुळ्यात सल्फोराफेनचं सख्खं भावंड शोभेल असं सल्फोराफीन बनतं, शिवाय मुळ्यातलं विकर जोमदार असतं, आणि त्याचा उपयोग पुढे येईल. हळिवात ग्लुकोट्रोपिओलिन असतं. शेवगा या कुळातला नव्हे, पण दूरचा नातलग आहे आणि त्याच्या पानांतही स्वतःची ग्लुकोसिनोलेटं असतात.

तेव्हा ब्रोकोली आवडत नसेल किंवा परवडत नसेल तर सगळं संपलं असं नाही. दादरच्या किंवा ठाण्याच्या मंडईत पाल्यासकट मिळणारा मुळा, त्याच्या डिंगऱ्या आणि नवलकोल हे आठवड्यात फिरवून खाल्ले तर वेगवेगळी द्रव्यं पोटात जातात. फक्त 'सल्फोराफेन' हे नाव कोबीच्या भाजीला चिकटवू नये.

ब्रोकोली घेताना गड्डा घट्ट आणि गर्द हिरवा बघावा. पिवळट फुलं दिसू लागली की माल जुना झाला, देठ वाकला तर तो घेऊच नये. घरी आणल्यावर ओला न करता सच्छिद्र पिशवीत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर राहिलेली ब्रोकोली एका दिवसात पिवळी पडते.

सुरी, घड्याळ, गॅस: याच क्रमाने

आपली नेहमीची पद्धत अशी की भाजी चिरायची, चिरल्यावर धुवायची आणि लगेच फोडणीला टाकायची. या क्रमात नुकसान आहे. ग्लुकोसिनोलेट पाण्यात विरघळतं, म्हणून धुणं चिरण्याआधीच उरकावं. फ्लॉवर किंवा ब्रोकोलीत अळ्या असतील तर मोठे तुरे काढून मिठाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावेत, बाहेर काढून साध्या पाण्याने धुवावेत, निथळावेत, आणि मग बारीक चिरावेत. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं फेकून द्यावीत आणि उरलेली एक-एक सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवावीत. गड्डा वरवर धुवून उपयोग नाही, माती आणि जंतांची अंडी पानांच्या मध्ये असतात.

चिरल्यावर किमान अर्धा तास भाजी तशीच ताटात पसरून ठेवावी. या वेळात विकर आपलं काम उरकतं. तयार झालेलं सल्फोराफेन शिजवताना थोडं उडतं, थोडं नासतं, पण विकराइतकं ते नाजूक नाही. चिरल्या चिरल्या गॅसवर टाकलेल्या ब्रोकोलीत विकर आधी मरतं आणि कच्चा माल तसाच राहतो. बारीक चिरणं इथे महत्त्वाचं, कारण जितकी जास्त कापलेली बाजू तितक्या जास्त पेशी फुटतात. लिंबू मात्र या अर्ध्या तासात पिळू नये. आम्लात हीच प्रक्रिया वेगळ्या दिशेला वळते आणि फारसा उपयोग नसलेली नायट्राइलं जास्त बनतात. पचडी करताना कोबी चिरावा, थांबावं, आणि लिंबू-मीठ पानात वाढायच्या जरा आधी घालावं.

ब्रोकोली वाफवायला घरातलं मोदकपात्र उत्तम. खालचं पाणी खळखळ उकळू द्यावं, मग तुरे ठेवावेत, झाकण लावावं आणि ३ मिनिटं मोजावीत. रंग एकदम तजेलदार हिरवा झाला की काढून ताटात पसरावेत. भांड्यातच झाकून ठेवले तर आतल्या वाफेवर शिजत राहतात आणि दहा मिनिटांनी शेवाळी रंगावर येतात. तो रंग दिसला की विकर गेलं असं समजावं. ब्रोकोलीतलं मायरोसिनेज सुमारे ७० अंशांच्या पुढे झपाट्याने निकामी होतं. ६० अंशांच्या आसपास आणखी एक गंमत घडते: सल्फोराफेनऐवजी नायट्राइल बनवायला लावणारं एक प्रथिन आधी मरतं आणि मायरोसिनेज टिकतं. म्हणून हलकी वाफ दिलेली ब्रोकोली काही वेळा कच्चीपेक्षाही सरस ठरते.

भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देणं ही सगळ्यात वाईट पद्धत. कुकर त्याच्या पाठोपाठ, पण कुकरचं पाणी रश्शात किंवा आमटीत गेलं तर निदान विरघळलेलं ग्लुकोसिनोलेट वाया जात नाही. पावभाजीतला फ्लॉवर याच वर्गातला. विकर पार मेलेलं, कच्चा माल बराचसा भाजीतच. गोठवलेल्या ब्रोकोलीचंही हेच, कारण पाकिटात भरण्याआधी कारखान्यात तिला उकळत्या पाण्याची धग देतात. ती कितीही वेळ चिरून ठेवा, काही होणार नाही.

मेलेलं विकर परत आणायचं

विकर बाहेरून घालता येतं, आणि ते प्रत्येक घरातल्या डब्यात असतं. २०१८ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात १२ जणांना २०० ग्रॅम शिजवलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा १ ग्रॅम मोहरीची पूड घालून दिली. पूड घातल्यावर शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं. १ ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा. एका माणसाच्या वाटीभर भाजीला पाव चमचा पुरतो. चवीला हलकीशी कडसर झाक येते, त्याहून जास्त काही नाही.

पूड कुठलीही चालत नाही. लोणच्यासाठी मिळणारी मोहरीची डाळ घेऊन मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबत थांबत, गरम होऊ न देता दळावी. भाजलेली मोहरी बाद. तयार पूड घेतली असेल तर अशी तपासावी: अर्धा चमचा पूड दोन चमचे गार पाण्यात कालवून झाकून ठेवावी आणि दहा मिनिटांनी हुंगावी. नाकाला झोंबली तर विकर जिवंत आहे. नुसता कडवट, मातकट वास आला तर ती पूड फोडणीलाच वापरावी. दळलेली पूड घट्ट बरणीत, फ्रिजमध्ये, महिनाभराच्या बेताने ठेवावी. पावसाळ्यात उघड्या डब्यात ती दमट होते आणि झणका डब्यातच संपतो.

घालायची वेळ: गॅस बंद करून भाजी तोंडात सहज घालता येईल इतकी निवली की. वाफाळत्या भाजीवर भुरभुरली तर पुडीतलं विकरही जातं. सकाळी सहाला भाजी करून साडेसातची लोकल पकडणाऱ्यांनी पूड डब्यात भरतानाच घालावी, तोवर भाजी कोमट झालेली असते आणि दुपारपर्यंत विकराला भरपूर वेळ मिळतो. मोहरी नको असेल तर शेजारी दोन चमचे किसलेला कच्चा मुळा घ्यावा. परदेशात गोठवलेल्या ब्रोकोलीवर पांढऱ्या मुळ्याची पूड अगदी कमी प्रमाणात घालून हाच परिणाम मिळाला आहे.

हळिवाबद्दल थोडक्यात. लाडवात हळीव शिजतो, त्यामुळे लोह आणि तंतू मिळतात, पण विकर राहत नाही. आयसोथायोसायनेट हवं असेल तर भिजवलेला हळीव चावून खावा लागतो. गरोदरपणात तो टाळायची आपल्याकडची जुनी रीत आहे, ती मोडायला सबळ कारण नाही.

ब्रोकोलीचे कोंब मुंबईत

कोंब घरी करता येतात, पण हे मटकीचं काम नाही. मटकी आपण मोड आणून शिजवतो. ब्रोकोलीचे कोंब लोक कच्चे खातात, आणि दमट उबेत कोंबांबरोबर जंतूही वाढतात. १९९६ साली जपानमधल्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं ई. कोलाय जंतूने आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कोंबांवर होता. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कोंबांतून अशीच साथ पसरली आणि ५० हून जास्त माणसं दगावली. जंतू बहुधा बियांवरूनच येतात, त्यामुळे नंतर कितीही धुतलं तरी ते पुरेसं ठरत नाही.

करायचेच तर असे.

१. बी फक्त कोंबांसाठी म्हणून विकलेलं घ्यावं. शेतीचं बियाणं गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं दिसलं तर त्यावर बुरशीनाशक आहे, ते पोटात जाता कामा नये. दोन मोठे चमचे, म्हणजे वीसेक ग्रॅम बियांपासून सुमारे पाचपट वजनाचे कोंब निघतात.

२. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्याकडे बहुधा ६ टक्के असतं. त्यात तितकंच पाणी घालून ते ३ टक्के करावं, बाटलीवरचा आकडा वाचूनच. काचेच्या भांड्यात ओतून ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावं आणि थर्मामीटरने ६० अंश येऊ द्यावेत. बी चहाच्या गाळणीत घेऊन त्यात ५ मिनिटं हलवत राहावं. हातमोजे घालावेत. तापमान अंदाजाने धरू नये: कमी पडलं तर जंतू राहतात, जास्त झालं तर बी उगवत नाही.

३. वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली मिनिटभर धुवावं. मग भांड्यात पाणी भरून वर तरंगणारं फोल, कचरा आणि फुटकं बी काढून टाकावं. जंतू त्यातच जास्त असतात.

४. सहा ते आठ तास भिजवावं. मग उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत घालून तोंडाला स्वच्छ मलमल बांधावी आणि बरणी तिरपी उलटी ठेवावी. पाणी साचता कामा नये, बहुतेकांचे कोंब इथेच कुजतात.

५. दिवसातून तीन वेळा उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून निथळावेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन-अडीच सेंटिमीटर झाले की काढावेत, कोरडे करावेत आणि फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावेत.

तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरी लव दिसते आणि लोक घाबरून सगळं फेकतात. ती मुळांची केसाळ लव असते, पाण्याखाली धरली की चिकटून नाहीशी होते. बुरशी जाळ्यासारखी, बियांच्या टरफलावर आणि कोंबांच्या मध्ये पसरते, पाण्याने जात नाही, आणि कुबट वास येतो. वास आला की विचार करत बसू नये.

ब्रोकोलीच्या बियांना १८ ते २४ अंश मानवतात. मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी हे जमतं. एप्रिल-मेमध्ये एसीच्या खोलीतच, आणि जून ते सप्टेंबर करूच नयेत असं आमचं मत आहे. ऐंशी-नव्वद टक्के दमटपणात स्वच्छता कितीही पाळली तरी बरणी बिघडते. गरोदर बायका, पासष्टीपुढची माणसं, पाच वर्षांखालची मुलं, डायलिसिसवरचे, केमो घेणारे किंवा स्टिरॉइडवरचे रुग्ण यांनी कच्चे कोंब कधीच खाऊ नयेत. त्यांच्यासाठी कोंब उकळत्या पाण्यात नीट शिजवून, निववून, वर मोहरीची पूड घालून द्यावेत. खरं तर सगळ्यांनीच असे खाल्ले तरी फारसं बिघडत नाही.

अभ्यास काय सांगतात

सल्फोराफेन पेशीत शिरलं की कीप-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. कीप-१ एरवी एनआरएफ-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. ते मोकळं झालं की पेशीच्या केंद्रकात जाऊन विषारी पदार्थ निकामी करणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतं. म्हणजे सल्फोराफेन स्वतः फारसं लढत नाही, घरची फौज जागी करतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत रक्तातली पातळी शिगेला पोचते आणि बराचसा भाग दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. त्यामुळे रविवारी किलोभर खाण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस वाटी-वाटी खाणं योग्य.

माणसांवरचा सगळ्यात बोलका प्रयोग चीनमधल्या चिडोंग भागातला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २९१ जणांनी १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं किंवा साधं पेय घेतलं. कोंबांच्या पेयात रोज ६०० मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) ग्लुकोराफानिन आणि ४० मायक्रोमोल सल्फोराफेन होतं. हवेतून शरीरात गेलेल्या बेन्झीनचे अवशेष लघवीतून बाहेर पडण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांनी वाढलं, अ‍ॅक्रोलिनचं २३ टक्क्यांनी. जानेवारीतल्या धुरकट मुंबईत, खास करून महामार्गालगत राहणाऱ्यांना हे वाचून उत्साह येणं साहजिक आहे. पण वाढलं ते विषारी द्रव्य बाहेर टाकण्याचं प्रमाण. त्यामुळे दमा किंवा कर्करोग कमी झाला असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही, आणि धुळीचे सूक्ष्म कण भाजीने अडत नाहीत. मास्क ठेवावाच.

मधुमेहाबद्दल २०१७ साली स्वीडनमधून एक अभ्यास आला. ९७ रुग्णांना १२ आठवडे कोंबांचा अर्क, म्हणजे रोज सुमारे १५० मायक्रोमोल सल्फोराफेन, किंवा तुलनेसाठी औषध नसलेली नकली मात्रा दिली. ज्यांचं वजन जास्त आणि साखर नियंत्रणाबाहेर होती त्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, उतरली, इतरांमध्ये फरक नाही. त्याच देशातल्या गटाने २०२५ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत साखर सरासरी ०.२ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे अंदाजे ३.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, कमी झाल्याचं दाखवलं. ठरवलेलं उद्दिष्ट ०.३ मिलिमोलचं होतं, तिथवर ती पोचली नाही. मेटफॉर्मिन बंद करून ब्रोकोली सुरू करण्याइतकं हे नक्कीच नाही.

जपानमध्ये २००९ साली हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या ४८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाने रोज ७० ग्रॅम कोंब ८ आठवडे खाल्ले. पोटातल्या जंतूंची खूण कमी झाली, आणि खाणं थांबवल्यावर पुन्हा पहिल्या जागी आली. स्वमग्नतेवरचा २०१४ चा अमेरिकेतला छोटा अभ्यास गाजला, पण नंतरच्या अभ्यासांचे निकाल एका दिशेचे नाहीत. पालकांनी या आशेवर डॉक्टरांशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. कर्करोग होऊ नये म्हणून कुठलीही सल्फोराफेनची गोळी सिद्ध झालेली नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

गोळीचं लेबल

आधी बाटली उलटी करावी. 'ब्रोकोली अर्क ५०० मिलिग्रॅम' एवढंच लिहिलं असेल तर ती परत फडताळात ठेवावी. अर्क म्हणजे नुसती वाळवलेली भाजीही असू शकते. ग्लुकोराफानिन किती मिलिग्रॅम, सोबत मायरोसिनेज आहे का, किंवा तयार स्थिर केलेलं सल्फोराफेन किती मिलिग्रॅम, या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. भारतात विकायच्या पूरक आहारावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि औषधी वापरासाठी नसल्याची सूचना असते. ती नसलेली आयात बाटली ओळखीच्या माणसाने आणली म्हणून घेऊ नये.

मग हिशोब. समजा एका गोळीत ३० मिलिग्रॅम ग्लुकोराफानिन आहे. त्याचं रेणूवजन सुमारे ४३७, म्हणजे ही मात्रा ६९ मायक्रोमोलच्या आसपास. सगळंच्या सगळं बदललं असतं तर, सल्फोराफेनचं रेणूवजन १७७ असल्याने, सुमारे १२ मिलिग्रॅम मिळालं असतं. प्रत्यक्षात विकर नसेल तर काम आतड्यातल्या जंतूंवर पडतं आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास रूपांतर होतं, तेही माणसागणिक फार वेगळं. म्हणजे हाती आले सव्वा मिलिग्रॅम. विकर सोबत असेल तर ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सव्वाचार ते पाच मिलिग्रॅम. स्वीडनच्या अभ्यासातले १५० मायक्रोमोल म्हणजे साडेसव्वीस मिलिग्रॅम. एका साध्या गोळीत आणि त्या मात्रेत वीसपटीचं अंतर आहे, आणि जाहिरातीत तोच अभ्यास छापलेला असतो.

विकर नसलेली गोळी घरात पडून असेल तर ती फेकायची गरज नाही. कॅप्सूल उघडून पूड गरम नसलेल्या कोशिंबिरीत कालवावी, वर पाव चमचा मोहरीची पूड घालावी आणि दहा मिनिटं थांबून खावी.

सुरुवात कमी मात्रेने, जेवणाबरोबर करावी. पहिल्या आठवड्यात गंधकाचे ढेकर, गॅस, मळमळ होऊ शकते, रिकाम्या पोटी जास्त. दोन आठवड्यांनीही थांबत नसेल तर बंद करावी. साठवण हा मुंबईत वेगळाच प्रश्न आहे. सल्फोराफेन उष्णता आणि ओलाव्याने लवकर नासतं. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत दोन दिवस तापलेल्या बाटलीचा भरवसा धरू नये, आणि घरी गॅसवरच्या फळीवर किंवा बाथरूमच्या कपाटात ती ठेवू नये. आतली सिलिका जेलची पुडी तशीच राहू द्यावी, झाकण घट्ट लावावं, बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

साखरेसाठी घेत असाल तर आधी एचबीए१सी करून घ्यावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात औषध, वजन आणि जेवण फारसं बदललं नसेल तरच त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. फरक नसेल तर दुसरी बाटली घेऊ नये.

डीआयएम आणि इंडोल-३-कार्बिनॉल वेगळ्या पंगतीत

मुरुम, पाळीच्या तक्रारी, 'इस्ट्रोजेन संतुलन' यांसाठी या दोन्ही गोळ्या जोरात खपवल्या जातात. इस्ट्रोजेन शरीरात कसं मोडतं यावर त्यांचा खरोखर परिणाम होतो, आणि म्हणूनच त्या सहज घेण्याच्या नाहीत. इंडोल-३-कार्बिनॉल अभ्यासांत बहुधा रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम दिलं गेलं. जास्त मात्रेत तोल जाणं आणि हात थरथरणं नोंदलेलं आहे. डीआयएमने डोकेदुखी आणि पोटाच्या तक्रारी होतात, लघवी नारिंगी-तपकिरी दिसू शकते. ती गोळी बंद केल्यावर पूर्ववत होते, नाही झाली तर तपासून घ्यावी.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी डीआयएमच्या वाटेला जाऊ नये. २०१७ च्या अभ्यासात १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर दिल्यावर रक्तात टॅमॉक्सिफेनचे कामाचे घटक कमी झालेले आढळले. केमो किंवा रेडिएशन चालू असताना सल्फोराफेनची गोळीही कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच, कारण जी फौज निरोगी पेशींना वाचवते तीच गाठीतल्या पेशींनाही वाचवू शकते. ताटातल्या वाटीभर भाजीला ही भीती लागू नाही. गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण आणि अंगावर पाजणं या तिन्ही काळात डीआयएम टाळावं.

थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं आणि इतर

थायरॉइडच्या रुग्णाला कोबी-फ्लॉवर बंद, असं सर्रास सांगितलं जातं. या कुळातल्या काही भाज्यांतून बनणारं गॉयट्रिन आणि थायोसायनेट आयोडीनच्या वाटेत येतात, हे खरं. १९२८ साली कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचं दिसल्यापासून ही गोष्ट माहीत आहे. पण माणसात गंभीर त्रास झालेलं २०१० चं प्रसिद्ध प्रकरण होतं ८८ वर्षांच्या बाईचं, जी महिनोन्‌महिने रोज एक ते दीड किलो कच्चं बोक चॉय, म्हणजे याच कुळातली चिनी पालेभाजी, खात होती. शिजवलेली वाटीभर भाजी आणि आयोडीनयुक्त मीठ असेल तर घाबरायचं कारण नाही. चीनमध्ये १२ आठवडे कोंबांचं पेय घेणाऱ्यांच्या थायरॉइडच्या तपासण्यांत बदल झाला नव्हता. खरा धोका आजकाल दुसरीकडून येतो: घरात सगळीकडे सैंधव वापरायचं, ज्यात आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि वर रोज कच्च्या कोबीचा किंवा केल या पालेभाजीचा रस प्यायचा. थायरॉक्सिनची गोळी मात्र उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास काही खाऊ नये.

अ‍ॅसेनोकुमॅरॉल किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्यांना भाजी बंद करायची नसते, प्रमाण स्थिर ठेवायचं असतं. ब्रोकोली आणि पाल्याच्या भाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. एरवी न खाणाऱ्याने अचानक रोज दोन वाट्या सुरू केल्या तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, खाली येतो आणि गुठळीचा धोका वाढतो. खायचं ठरवलं तर डॉक्टरांना सांगून सुरू करावं, आठवड्याभरात आयएनआर तपासावा आणि मग तेवढंच चालू ठेवावं.

या भाज्या यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं विकर वाढवतात. मनोविकारांसाठीची क्लोझापिन, ओलान्झापिन आणि दम्यासाठीचं थिओफिलिन यांचं शरीरात मोडणं त्याच विकरावर अवलंबून आहे. रोजच्या ताटाने फारसं बिघडत नाही, पण इंडोलच्या गोळ्या किंवा रोजचा ग्लासभर रस सुरू केला तर रक्तातली औषधाची पातळी उतरू शकते. मानसोपचारतज्ज्ञ रक्ततपासणी सांगतील तेव्हा ही गोळीही औषधांच्या यादीत लिहून न्यावी, 'ती तर भाजीचीच आहे' म्हणून गाळू नये.